दुसरी रेघ

९ जून

माझे मार्गदर्शक डॉ. कायिरा म्हणतात, पीएचडी करणाऱ्यानं रोज चार ओळी स्वतःसाठी लिहाव्यात, नाहीतर शेवटी प्रबंध हातात येतो आणि माणूस वाटेत कुठेतरी सांडून गेलेला असतो. स्कॉटलंडला वर्षभर होते तेव्हा थंडीचं निमित्त सांगून हे टाळलं. आता परत गावी, बोलेरोला, आईच्या घरात राहतेय. निमित्त उरलं नाही.

दोन विद्यापीठांचा करार आहे, एक स्कॉटलंडचं, एक आपलं. त्यांची एक विद्यार्थिनी, आपली एक, जोडीनं काम. माझ्या जोडीला कर्स्टी आलीय. तिचं काम निद्रारोग पसरवणाऱ्या त्सेत्से माश्यांवर, माझं माणसांच्या रक्तावर. बोट टोचून थेंबभर रक्त कागदी पट्टीवर टाकायचं. एक रेघ उमटली तर माणूस निरोगी, दुसरीही उमटली तर निद्रारोग. आजवर हा रोग सापडतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, जिल्ह्याच्या हॉस्पिटलात, आणि खेड्यातला माणूस तिथवर पोचेपर्यंत जंतू मेंदूत शिरलेले असतात. पट्टी चालली तर माणूस आधी सापडेल.

बाबा सापडले असते. निवडीच्या वेळी कायिरांनी विचारलं होतं, "हाच रोग का?" मी म्हटलं, "आमच्या जिल्ह्यात आहे म्हणून." तेही खोटं नाही.

आज व्वाझा अभयारण्याच्या कुंपणालगत सापळे लावले. निळं-काळं कापड दिसलं की माशी झेपावते. मी नेमकं निळं चितेंजे कमरेला गुंडाळून गेले होते. कर्स्टी म्हणाली, "कापड कशाला टांगायचं? तुलाच उभी करू की." हत्तींनी वाकवलेल्या कुंपणातून बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन बाहेर येत होत्या. आम्हाला बघून आधी दबकल्या. मग मी आमच्या तुंबुका भाषेत नमस्कार केला तशी एक म्हणाली, "त्या गोरीला घरी काही काम नाही का गं, माश्या धरत हिंडते ती?" कर्स्टीला अर्थ सांगितला. ती म्हणाली, माझी आईही हेच विचारते.

परतताना मानेमागे एक कडकडून चावली. लहानपणापासून चावतायत.

२० जून

मानेवर गळू आलंय. कोळी फिरला असणार. आईनं मिठाच्या गरम पाण्यानं शेकलं. शेकता शेकता म्हणाली, "कुठे कुठे हिंडतेस?"

"कामाला."

"कुंपणापाशी?"

"काम तिथेच आहे, आई."

ती फडकं पिळत राहिली, पाणी संपलं तरी.

६ जुलै

तीन गावं झाली. एका म्हाताऱ्यानं बोट पुढे करायला साफ नकार दिला. "माझं रक्त याआधी दोनदा विमानात बसून गेलं," म्हणाला, "मी अजून मझुझूच्या पुढे गेलो नाही. आता आधी मला बसवा." सगळं गाव हसलं. मी त्याला सांगितलं, अगोगो, म्हणजे आजोबा, आता नाही जात. आता शीतपेटी इथेच आहे, रक्त तपासणारीही इथलीच आहे. त्यानं मला न्याहाळलं. "कुणाची तू?"

"लुहांगा मास्तरांची."

त्यानं हातातली काठी खाली ठेवली. मग त्यानं बोट पुढे केलं. मला ते आवडलं नाही.

ताप येऊन जाऊन आहे. मलेरियाची तपासणी केली, काही निघालं नाही. तरी गोळ्या घेतल्या. डोकं मात्र दुखायचं थांबत नाही.

२५ जुलै

बाबांविषयी इथे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

ते प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि सुट्टीत जंगलात मधाच्या पेट्या ठेवायचे. मी अकरा वर्षांची होते तेव्हा ते वर्गात झोपायला लागले. फळ्यावर लिहिता लिहिता खडू थांबायचा. मुख्याध्यापकांना वाटलं, पितात. आत्याला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला, वाटलं विंबुझा. म्हणजे पूर्वजांचं वारं. ती न्चिमी आहे, नदीपलीकडे तिचं ढोलाचं घर आहे. वारं ज्याला धरतं त्याला ती नाचवून मोकळं करते. बाबा दोन महिने तिथे नाचले. मग आईनं त्यांना सायकलवर बांधून हॉस्पिटलात नेलं. तेव्हा या रोगावर आर्सेनिकचं इंजेक्शन होतं. नसांत मिरची ओतल्यासारखं व्हायचं, लोक म्हणायचे. चौथ्या दिवशी त्यांना झटके आले आणि ते गेले. तसं काहीजणांचं व्हायचंच, त्या औषधानं.

आई म्हणते, आत्यानं दोन महिने खाल्ले. आत्या म्हणते, माझ्याकडे होता तोवर जेवत होता, नाचत होता. तुमच्या दवाखान्यात चार दिवस टिकला नाही. तेव्हापासून दोघी बोललेल्या नाहीत. चर्चच्या दारात समोरासमोर आल्या तरी मधून माणूस जाईल एवढी जागा ठेवून जातात.

झालं. लिहिलं.

८ ऑगस्ट

रात्री झोप लागत नाही, दिवसा मात्र डोळे मिटतात. सप्टेंबरअखेर दोन्ही विद्यापीठांचे लोक पाहणीला येणार आहेत, त्याची काळजी असणार. स्कॉटलंडहून आल्यावर सगळ्यांचंच झोपेचं गणित बिघडतं. मी मार्चमध्ये आले, पण तरी.

प्रयोगशाळेतला वानांग्वा आज म्हणाला, "डॉक्टरीणबाई, चहात मीठ घालतात का हल्ली स्कॉटलंडला?" मी अर्धा कप प्यायले होते.

१४ ऑगस्ट

आज जीपमध्ये मागच्या सीटवर बाबा बसले होते.

मी घाबरले नाही, हे आधी लिहिते. दुपारचं ऊन होतं, तंबाखूच्या रिकाम्या शेतांवरून धूळ येत होती, कर्स्टी गाडी चालवत होती. मी पाण्याच्या बाटलीसाठी मागे वळले तर ते होते. मांडीवर मधमाश्यांना धूर द्यायचा डबा. बोटांना खडू. मी म्हातारी झाले नाही आणि तेही झाले नाहीत. आम्ही आता जवळजवळ एकाच वयाचे आहोत.

"मुलं हसतायत का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही बाबा, कुणी हसत नाही."

कर्स्टी म्हणाली, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, काही नाही, तुंबुकात हिशेब करत होते.

घरी आल्यावर केसांना धुराचा वास होता. इथे सगळ्यांच्याच केसांना असतो.

१५ ऑगस्ट

नीट विचार केला. वर्षानुवर्षं दडपलेलं दुःख कधीतरी वर येतंच, आणि मी रोज त्याच रोगाच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघतेय. याला समजण्यासारखं कारण आहे. काम झालं की सुट्टी घेईन, तळ्याकाठी न्खाता बेला जाईन.

२२ ऑगस्ट

संध्याकाळी नदीपलीकडून ढोल ऐकू येतात. आई उठून खिडक्या लावून घेते आणि चर्चचं गाणं म्हणायला लागते, सुरात नाही, नुसतं मोठ्यानं. मी भांडी घासत होते. खाली पाहिलं तर माझे पाय ठेक्यावर हलत होते. आईनंही पाहिलं. तिनं गाणं थांबवलं, माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाली, "जा, निज."

मला झोप येत नव्हती. येते तेव्हा कुणी निजू देत नाही.

२८ ऑगस्ट

बाबा आता रोजच येतात, जेवणानंतर, ऊन कलायच्या आधी. प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात. काही करत नाहीत. मी काच बदलली की मान पुढे करतात, आम्ही त्यांच्या वर्गात वही दाखवायचो तेव्हा करायचे तशी.

कर्स्टी म्हणते, तू बदललीयस. मी म्हटलं, तू माझ्या देशात मला ओळखायला लागलीस एवढंच. हे बोलायला नको होतं. ती चांगली आहे. सापळ्याचं कापड फाटलं तर स्वतःच्या शर्टाचा खिसा कापून ठिगळ लावते.

मानेच्या मागे गाठी आल्यात, वाटाण्याएवढ्या. केस घट्ट विणल्यामुळे.

३ सप्टेंबर

कायिरा आले होते. त्यांच्याशी बोलता बोलता मी झोपले. मला वाटतं क्षणभरच, पण जागी झाले तेव्हा त्यांच्या कपातला चहा संपलेला होता आणि ते माझ्याकडे बघत होते.

"मासोझी, घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे, सर."

"कुणी काही म्हणत असेल तर मला सांग. मुली इथवर येतात आणि मग शेवटी कुणीतरी लग्नाचं काढतं."

मी हसले. मग मला राग आला, खूप राग आला, आणि तो कशाचा तेच आठवेना. ते गेल्यावर मी नमुन्यांचा ट्रे ढकलून दिला. दोन नळ्या फुटल्या. वानांग्वानं पुसून काढलं.

कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "मुलं हसतायत का?"

११ सप्टेंबर

आज भयंकर झालं.

पाहुण्यांसमोर पट्टी कशी दाखवायची याची आम्ही तालीम घेत होतो. वानांग्वा म्हणाला, "एक रुग्णाचं रक्त, एक निरोग्याचं. निरोगी कोण? बाई, द्या बोट. तुम्ही इतक्या जणांना टोचलंय, आज आमची पाळी." हसत हसत दिलं.

दोन रेघा उमटल्या.

मी म्हटलं, उष्म्यानं पट्टी खराब झाली. नवीन डबा फोडला. पुन्हा दोन. कर्स्टीनं बोट दिलं: एक रेघ. वानांग्वानं दिलं: एक.

सगळे माझ्याकडे बघत होते. पण मला लगेच उलगडलं. कर्स्टी बाहेरची. वानांग्वा करोंग्याचा, तळ्याकडचा. मी एकटीच इथली. लहानपणापासून माश्या चावून इथल्या लोकांच्या रक्तात काहीतरी साठत असणार, रोग न होताही, आणि आमची पट्टी त्यालाच फसतेय. म्हणजे व्वाझाभोवती जिथे तिची गरज आहे, नेमकी तिथेच ती निकामी. दोन वर्षं गेली. करार बंद होईल. माझ्यामागून निवडलेली दोन मुलंही घरी जातील.

कर्स्टी हळू आवाजात म्हणाली, "मासोझी, एक थेंब काचेवर बघूया का? फक्त बघूया."

"कशाला? मला काय झालंय?"

तिनं खोक्यातून नवी काच काढली.

"माझं रक्त तुमच्या काचेखाली घालायचं नाही," मी म्हटलं. "पुष्कळ नेलंत आमचं." आणि आणखीही बोलले, ते लिहीत नाही. तिचा चेहरा लालभडक झाला. ती म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर मी घेणार नाही. पण मी इथून हलणारही नाही." आणि खरंच, मी निघाले तेव्हा ती पायरीवर बसली होती, वाहणारं नाक बाहीला पुसत.

१२ सप्टेंबर

पट्टी खोटं बोलते. पाहुण्यांना मीच सांगेन. खोटेपणा करणार नाही.

१३ सप्टेंबर

पट्टी खोटं बोलते. पाहुण्यांना मीच सांगेन, खोटेपणा करणार नाही. आई म्हणते हे मी तिला चारदा सांगितलं. तिला पट्टी म्हणजे काय तेही माहीत नाही, तरी रडते.

सप्टेंबर

वर्गात ऊन आलंय. पेट्यांना धूर द्यायचा राहिला. मी फळ्यावर नाव लिहिते आणि ते खाली घसरतं, खडू ओला आहे. बाबांचे पाय गार पडलेत, त्यांच्यावर माझं चितेंजे घातलं, निळं. ते म्हणाले निळं नको. कुणी हसत नाही बाबा. कुणी हसत नाही. मी बघून आले.

२ ऑक्टोबर, हॉस्पिटल

वरचं पान माझ्याच अक्षरात आहे. मला लिहिल्याचं आठवत नाही. फाडणार होते, पण कायिरा म्हणाले असते, राहू दे. राहू देते.

मला इथे आणलं त्या दिवशी काय झालं ते मला आठवतं तसं आणि कर्स्टीनं सांगितलं तसं, असं मिळून लिहिते.

मी प्रयोगशाळेत येत होते. व्हरांड्यातल्या बाकावर आई आणि आत्या शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या. आत्यानं पांढरे कपडे घातले होते, आईच्या मांडीवर तिची चर्चची टोपी होती. मला वाटलं, आता बाबांनी यांनाही आणायला सुरुवात केली. कारण त्या दोघी एका बाकावर बसतील हे या जगात शक्य नव्हतं. मी त्यांच्या समोरून सरळ आत गेले.

कर्स्टी म्हणाली, "बाहेर तुझी आई आहे. आणि आणखी एक बाई."

"तुला दिसतायत?"

"मासोझी, मी त्यांना चहा दिलाय."

मग मी बाहेर आले. आईनं मान वर केली नाही. नंतर कळलं, ती आदल्या दिवशी एकटी चालत नदी ओलांडून गेली होती. आत्याच्या अंगणात लोक बसलेले असताना तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या भावाची मुलगी दुपारी झोपते आणि हवेशी बोलते. तू बघ आणि मला खरं सांग. तुला माझा राग असला तरी खरं सांग."

आत्यानं उठून माझी हनुवटी धरली. तिच्या हाताला ढोलाच्या कातड्याचा वास होता. तिनं माझ्या मानेच्या मागे बोटं फिरवली, गाठींवरून, सावकाश.

"कोण येतं?" तिनं विचारलं.

"बाबा."

"काय मागतो?"

"काही नाही. विचारतात नुसतं."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आता गुणगुणायला लागेल. आणि मनातून मला तेच हवं होतं, हे लिहायला हरकत नाही. मला नाचायचं होतं. पण तिनं माझी हनुवटी सोडली आणि कर्स्टीकडे वळून, तिला तुंबुका किती कळतं याची पर्वा न करता म्हणाली, "माझ्याकडे दोन महिने ठेवला होता मी त्याला. हिला एक दिवसही ठेवणार नाही. घे तिचं रक्त."

"तिनं नाही म्हटलंय," कर्स्टी म्हणाली. तेवढं तुंबुका तिला येत होतं.

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. आई पहिल्यांदाच बोलली. ती म्हणाली, "मासोझी, मला पुन्हा कुणाला सायकलवर बांधायला लावू नकोस."

मी बोट पुढे केलं.

काच कायिरांनी बघितली; कर्स्टीनं फोन करून बोलावलं होतं, ते मझुझूहून आले. त्यांनी उठून मला जागा दिली. मी वाकून पाहिलं. लाल पेशींच्या गर्दीत ते वळवळत होते, पातळ, चपळ, पेशींना धक्के देत. अशा काचा मी शेकड्यांनी बघितल्या आहेत. इतक्या जिवंत कधी दिसल्या नव्हत्या.

त्या क्षणी मला काय वाटलं ते कुणाला सांगितलेलं नाही. आनंद झाला. पट्टी खोटं बोलत नव्हती. माझी पट्टी बरोबर होती. मी वर बघून म्हणालेसुद्धा, "सर, पट्टी चालते!" आणि कायिरांनी चष्मा काढून तोंड फिरवलं.

भीती नंतर आली, कण्यातून पाणी काढायला कुशीवर निजवलं तेव्हा. जंतू मेंदूत पोचले होते.

३ ऑक्टोबर

इंजेक्शन नाही. आता गोळ्या आहेत, दहा दिवसांच्या, पोटभर जेवणावर घ्यायच्या. परिचारिका समोर उभी राहून गिळायला लावते. या गोळ्या आल्या त्याला फार काळ झाला नाही. कायिरा म्हणाले, "अशाच करारांतून, पुष्कळ लोकांनी पुष्कळ वर्षं..." आणि थांबले. त्यांना माहीत आहे माझ्या डोक्यात कुणाचा हिशेब चालू असतो.

पहिले काही दिवस भयंकर गेले म्हणे. मी सलाईनची सुई उपटली, आईला ओळखलं नाही. मळमळ अजून आहे. आई नसिमा, म्हणजे मक्याची उकड, आणि शेंगांची आमटी घेऊन येते, घास घास करून भरवते, उलटी झाली तर पुन्हा भरवते. आत्या दुपारी येते. दोघी बोलत नाहीत, पण एकीनं ताट धरलं की दुसरी पाणी धरते.

पाहुणे येऊन गेले. पट्टी कर्स्टीनं आणि वानांग्वानं दाखवली. करार पुढे चालू राहील असं दिसतंय. त्यांतला एकजण माझ्या खाटेशी आला होता. फार सभ्य माणूस. म्हणाला, माझा नमुना पट्टीच्या लेखात घालता येईल का? कायिरा मागून म्हणाले, "तिला विचारा. लेख तिचा आहे." मी म्हटलं, घाला. रुग्णांत घाला. नाव नको.

पाहुणे गेल्यावर कर्स्टी एकटीच आली. त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "अर्धं रोग बोलत होता."

"आणि उरलेलं अर्धं?"

"उरलेलं खरं होतं," ती म्हणाली. "ते तू बरी झाल्यावर पुन्हा सांग. माझ्या सरांसमोर सांग."

७ ऑक्टोबर

काल बाबा आले नाहीत.

आजही नाहीत. जेवणानंतर मी मुद्दाम जागी राहिले. खिडकीतून ऊन खाटेच्या कडेवर आलं, फरशीवर उतरलं, भिंतीला गेलं. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती. दारातून येत होते ते दुसऱ्यांचे नातेवाईक.

डॉक्टर म्हणतात, उत्तम लक्षण आहे. मला ठाऊक आहे ते उत्तम लक्षण आहे. मेंदूची सूज उतरली की दिसणं थांबतं. हे मी स्वतः परीक्षेत लिहिलंय. म्हणजे ज्यांच्याशी मी बोलत होते ते बाबा नव्हते. सूज होती. सुजेनं खडू लावला बोटांना, सुजेनं डबा मांडीवर घेतला, सुजेनं मला तेच विचारलं जे त्यांनी घरी येऊन दर संध्याकाळी विचारलं होतं, वर्गात झोपायला लागल्यावर, शाळेतल्या शेवटच्या महिन्यात.

मी आणि ती सूज, तिसरं कुणी त्यांना इतकं ओळखत नव्हतं.

मी औषध थुंकले नाही. एवढंच लिहिते. मनात आलं होतं.

१९ ऑक्टोबर, बोलेरो

घरी आले. पाय लटपटतात, पण रात्री झोपते आणि दिवसा जागी असते. कण्याचं पाणी पुन्हा तपासायला लागेल, पुढेही अनेकदा. कायिरांनी महिनाभर प्रयोगशाळेचं दार बंद केलंय माझ्यासाठी. कर्स्टी आत्याच्या अंगणात पट्ट्या घेऊन बसते, आत्यानं बोलावलंय. नाचण्याआधी बोट टोचायचं, असा आत्याचा नवा नियम. पहिल्याच आठवड्यात एक निघाली, लांबच्या गावची पोरगी, रोग अजून मेंदूत न पोचलेली. आत्यानं स्वतः तिला हॉस्पिटलच्या गाडीत बसवलं म्हणे, आणि बाकीच्यांसाठी ढोल पुन्हा सुरू केला.

आज संध्याकाळी ढोल वाजले तेव्हा आईनं खिडक्या लावल्या नाहीत. आम्ही दोघी चुलीपाशी शेंगा सोलत होतो. तिनं शेंगांचं सूप जवळ ओढलं. मग शेंगांकडेच बघत म्हणाली, "तुला दिसायचे ते."

"आजार होता तो, आई."

"मला माहीताय आजार होता. मी अडाणी नाही." तिनं एक शेंग फोडली, दाणे मोजल्यासारखे पाहिले. "मी चर्चला इतकी वर्षं गेले. कधी मागितलं नाही, पाप लागेल म्हणून. पण माझ्याकडे एकदाही नाही आले. तुझ्याकडे आले." मग अगदी हळू: "माझ्याबद्दल काही विचारायचे?"

ते एकच विचारायचे. मुलं हसतायत का. आईला ते मी सांगू शकले नाही. बाबांच्या शाळेतल्या शेवटच्या महिन्यात तीही रोज हेच ऐकत होती.

"विचारायचे," मी म्हटलं. "आज भाजी कसली केलीय, म्हणून."

आईचे हात थांबले. "तू काय सांगायचीस?"

मला काहीतरी सांगणं भाग होतं. "भोपळ्याची पानं. शेंगदाण्याचं कूट घालून."

"त्यांना ती कधीच आवडली नाहीत," आई म्हणाली.

मी पुढची शेंग उचलली. पकडली गेले असं वाटलं. नदीपलीकडे ढोल चालूच होते. आईनं मांडीवरची टरफलं चुलीत टाकली, ती चटचट पेटली, आणि त्या उजेडात मला तिचं तोंड दिसलं.

"म्हणूनच विचारत असतील," ती म्हणाली.